धमनी उघडते, तरी रक्त का पोचत नाही?

कुत्र्याच्या हृदयाची धमनी ४० मिनिटं बंद ठेवून सोडली, तर रक्त पुन्हा सगळीकडे खेळू लागलं. ९० मिनिटांनी सोडली, तेव्हा मात्र धमनी मोकळी होऊनही हृदयस्नायूच्या आतल्या थरात रक्त शिरेना. क्लोनर, गॅनोट आणि जेनिंग्ज यांनी १९७४ मध्ये हे नोंदवलं. केशवाहिन्यांचं अस्तर सुजून वाटा बुजल्या होत्या. सशांच्या मेंदूत असंच काही १९६८ मध्ये दिसलं होतं. याचं नाव 'नो-रीफ्लो'.

तेव्हा माणसाच्या हृदयधमनीवर अँजिओप्लास्टी, म्हणजे आतून फुगा फुगवून धमनी उघडणं, झालेलीही नव्हती. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये ती पहिल्यांदा केली सप्टेंबर १९७७ मध्ये. पाठोपाठ हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं रुळली, जीव वाचू लागले. सगळ्यांचं लक्ष मोठ्या धमनीवर खिळलं, आणि ते रास्तच होतं. पण १९९२ मध्ये जपानी डॉक्टरांनी धमनी उघडलेल्या रुग्णांच्या हृदयात सूक्ष्म बुडबुडे सोडून सोनोग्राफी केली, तेव्हा जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत स्नायूपर्यंत रक्त पोचलेलंच नव्हतं. कुत्र्यांत दिसलेली गोष्ट माणसातही होती.

दुसरा धागा, रक्त परतल्यावर होणाऱ्या नुकसानाचा, सुरू होतो अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड हे घातक मूलक (फ्री रॅडिकल) निकामी करणारं विकर (एन्झाइम) दाखवून दिलं. रक्ताविना तळमळणाऱ्या पेशीत सक्सिनेट नावाचं रसायन साचतं. प्राणवायू परतताच मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, ते झपाट्यानं जाळतात आणि सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो. हा खुलासा तर २०१४ मधला. सुपरऑक्साइड हे रक्तवाहिनी सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकतं. वाहिन्या आवळतात, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, वाट आणखी तुंबते. ज्या रक्तासाठी धडपड केली, त्याच्याच येण्यानं हे घडतं, हे मला या साऱ्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

मग तेच विकर औषध म्हणून द्यावं, ही कल्पना साहजिक होती. अँजिओप्लास्टीच्या रुग्णांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला, फायदा नाही. सायक्लोस्पोरिन या दुसऱ्या औषधाचंही २०१५ मध्ये तेच झालं. माझ्या मते एक अडचण उघड आहे: प्रयोगशाळेतल्या धडधाकट प्राण्याला औषध वेळेवर मिळतं, रुग्ण मात्र वेदना सुरू झाल्यावर कित्येक तासांनी येतो, आणि जिथे औषध हवं तिथे रक्तच जात नसतं.

आजही कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या कक्षात, असा प्रवाह अडला, तर अडेनोसिन किंवा नायट्रोप्रुसाइड ही वाहिन्या सैल करणारी औषधं थेट हृदयधमनीत सोडतात. प्रवाह कधी सुधारतो. मृत्यू टळतात, हे मात्र अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.