घरच्या ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीनची निगा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

मशीन घरी बसवून, पहिला कप काढून दाखवून आमचा माणूस निघाला की पुढचं सगळं तुमच्या हातात असतं. मशीनसोबत येणारी पुस्तिका जाडजूड असते, पण ती परदेशातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. बोरिंगचं पाणी, तापवलेल्या दुधावरची साय, श्रावणातली दमट हवा यांचा तिच्यात उल्लेख नसतो. म्हणून इंदूरच्या घरांसाठी हे वेगळं पत्रक. मशीनजवळच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंत तर हवं तेव्हा सापडेल.

सर्वांत आधी एक सांगतो. दुरुस्तीला आलेलं मशीन उघडल्यावर आत काही तुटलेलं क्वचितच सापडतं. सापडतो तो क्षाराचा थर, नाहीतर कॉफीचं वाळलेलं तेल आणि दुधाचा साका. या तिन्हींचा बंदोबस्त घरच्या घरी होतो. त्यासाठी पाना-पेचकस हातात घ्यायची गरज नाही.

पाणी

इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून मिळतंय, जलूदहून पंपाने घाट चढवून आणलेलं. पुष्कळ वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. त्यामुळे घरोघरी खाली हौद, वर टाकी आणि त्यात कमी-जास्त मिसळलेलं बोरिंगचं पाणी असा प्रकार असतो. उन्हाळ्यात टँकरही येतो. म्हणजे एकाच घरात, एकाच आठवड्यात पाणी कधी बरं तर कधी चांगलंच जड असू शकतं. मशीनला नेमकं हेच सोसत नाही.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतं आणि मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटतं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा, खरखरीत थर दिसतो तोच हा. गिझर तो थर बरेच दिवस निभावून नेतो. मशीनमधल्या नळ्या मात्र काही मिलिमीटरच्याच असतात, पाणी मोजणारं चाक नखाएवढं असतं. थर धरला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, पंपाला जोर लावावा लागतो, आणि एक दिवस कॉफी कोमट, कमी, अडखळत यायला लागते.

“मग आरओचं पाणी भरलं तर?” हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. भरा, पण अगदी कोरडं केलेलं पाणी नको. ज्यात क्षार जवळपास उरलेलेच नाहीत अशा पाण्यात कॉफीचा स्वाद नीट उतरत नाही, चव आंबट आणि पोकळ लागते. शिवाय काही मशीनना पाणी आहे की नाही हे पाण्यातल्या क्षारांमुळेच कळतं. टाकी भरलेली असूनही ती ‘पाणी भरा’ म्हणत राहतात. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलरचा स्क्रू असेल तर आरओवाल्याकडून तो १०० च्या आसपास लावून घ्या. ७५ ते १५० पर्यंत आम्हाला चालतं. मात्र टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे. मीटर सगळेच क्षार एकत्र मोजतो, जडपणा फक्त पट्टीवर कळतो. मशीनच्या खोक्यात ती पट्टी असते, पुस्तिकेत अडकवलेली. क्षणभर पाण्यात बुडवून मिनिटभर थांबा, रंग बदललेले चौकोन मोजा आणि तो आकडा मेनूत भरा. पट्टीवर जर्मन अंश असतील तर १ अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. कितव्या कपानंतर डिस्केलिंग (आतला क्षाराचा थर औषधाने काढणं) मागायचं हे मशीन याच आकड्यावरून ठरवतं. घर बदललं, नवीन बोरिंग झालं किंवा आरओ बसवला की पट्टी पुन्हा लावा. पट्ट्या संपल्या तर दुकानातून घेऊन जा, आम्ही त्याचे पैसे घेत नाही.

टाकीत फिल्टरचं काडतूस बसवत असाल तर आधी ते पाण्यात उलटं बुडवून धरा, बुडबुडे थांबेपर्यंत. साधारण दोन महिन्यांनी ते बदलावं लागतं. जुनं काडतूस काहीच काम न करता टाकीत नुसतं बसून राहतं, आणि आपण फिल्टरचं पाणी वापरतोय या समजुतीत राहतो. त्यापेक्षा ते नसलेलं बरं.

डिस्केलिंग

दिवा लागला की त्याच आठवड्यात डिस्केलिंग करा. थर पातळ असताना आम्ल तो सहज विरघळवतं. जुना, जाड थर मात्र पापुद्र्यांनी सुटतो आणि पुढच्या बारीक झडपेत जाऊन अडकतो. मग मशीन उघडण्यावाचून इलाज राहत नाही.

अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा. मध्येच मशीन बंद करू नका, प्लगही काढू नका. बहुतेक मशीन अर्धवट सोडलेलं डिस्केलिंग विसरत नाहीत. ते पूर्ण होईपर्यंत कॉफी देत नाहीत, आणि आम्लही आत साचून राहतं. सुरू करण्याआधी फिल्टरचं काडतूस काढून ठेवा.

औषध मशीनसाठी बनवलेलंच घ्या. लॅक्टिक आम्लाचं द्रव आम्हाला सर्वांत भरवशाचं वाटतं. व्हिनेगरने रबराच्या वॉशरना त्रास होतो आणि वास आठवडाभर जात नाही. लिंबाचं फूल (सायट्रिक ॲसिड) स्वस्त असतं हे खरं, पण त्याचं प्रमाण चुकलं किंवा पाणी फार तापलं तर कॅल्शियमशी त्याचा वेगळाच साका बनतो आणि तो काढणं अधिक अवघड जातं. संडास-बाथरूमचं कुठलंही ॲसिड मात्र मशीनच्या जवळही आणू नका. त्यातून निघालेलं पाणी तुम्ही आणि तुमची मुलं पिणार आहात.

आणखी एक. ओटा कोटा, कडप्पा किंवा संगमरवराचा असेल तर खाली मोठं ताट ठेवा. हे दगडही चुन्याचेच असतात. औषधाचा थेंब पडला की तिथली चकाकी जाते, ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. शेवटी स्वच्छ पाण्याच्या दोन टाक्या आतून जाऊ द्या आणि पहिला कप ओतून टाका.

दाणे आणि दळण

चिकमगळूर किंवा कूर्गचे मध्यम भाजलेले दाणे या मशीनना मानवतात. फार काळे, तेलाने चमकणारे दाणे नकोत. ते एकमेकांना चिकटून डब्याच्या तोंडाशीच कमान धरतात. वर डबा भरलेला दिसतो, खाली ग्राइंडर रिकामा फिरतो आणि मशीन ‘दाणे भरा’ म्हणतं. असं झालं तर मशीन बंद करून, प्लग काढून, लाकडी चमच्याच्या दांड्याने दाणे हलवा आणि डब्याच्या आतल्या भिंती कोरड्या कपड्याने पुसून घ्या. साखरेचा लेप दिलेले दाणे तर अजिबात घालू नका.

फिल्टर कॉफीची पूड या मशीनमध्ये चालत नाही, हे जरा ठासून सांगावं लागतं. तिच्यात बहुधा चिकोरी असते. गरम पाणी लागलं की ती फुगते, चिकट होते आणि ब्रू युनिटची (पूड दाबून कॉफी काढणाऱ्या भागाची) जाळी बंद करते. चांगली फिल्टर कॉफी आम्हालाही आवडते. ती पितळी फिल्टरमध्येच करा. पुडीसाठी दिलेल्या कप्प्यात फक्त चिकोरीविरहित पूड, तीही एकच सपाट चमचा. इन्स्टंट कॉफी तिथे कधीच नाही.

पावसाळ्यात डब्यात दोन-तीन दिवसांपुरतेच दाणे ठेवा, बाकीचे हवाबंद बरणीत. फ्रिजमध्ये नकोत, बाहेर काढल्यावर त्यांवर दव धरतं. आणि दळताना एकदम कर्कश, खडखड आवाज आला तर लगेच मशीन बंद करा. दाण्यांबरोबर कधीकधी खडा येतो.

दळण बारीक-जाड करण्याची चकती ग्राइंडर फिरत असतानाच वळवायची असते, आणि एका वेळी एकच खूण. थांबलेल्या ग्राइंडरवर ती जबरदस्तीने फिरवली तर आतलं दातं जातं. केलेला बदल चवीत उतरायला दोन-तीन कप जावे लागतात, कारण आधी दळलेली पूड मधल्या वाटेत असते. ३० मिलिलिटर एस्प्रेसो २५ ते ३० सेकंदांत यावी हा मूळ हिशेब आहे. ऑटोमॅटिक मशीन थोडं लवकर देतं, तेही चालतं. धार पटकन, फिकट पडत असेल तर दळण बारीक करा, थेंब थेंब गळत असेल तर जाड करा.

दूध

साफसफाईत लोक सर्वांत जास्त कंटाळा इथेच करतात, आणि सर्वांत लवकर बिघडतंही हेच. दूध ओढणारी नळी आत जेमतेम काडी जाईल एवढी असते. त्यात राहिलेलं दूध गरमीत दोन-तीन तासांत फाटतं. दुसऱ्या दिवशी फेस येत नाही, नुसती फुरफुर होते, आणि कपाला आंबूस वास येतो.

कॉफी झाली की लगेच, बोलत बोलत टेबलाकडे जाण्याआधी, दुधाची नळी स्वच्छ पाण्याच्या ग्लासात घालून धुण्याचं बटण दाबा. रात्री सगळे तुकडे सुटे करून कोमट पाण्यात धुवा. फेस तयार होतो त्या तुकड्यात सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, तिथून हवा आत जाते. उजेडाकडे धरून ते आरपार दिसतंय का बघा. बुजलं असेल तर फेस येणारच नाही, मग दूध कितीही चांगलं असो.

आपल्याकडे दूध तापवूनच ठेवतात. तापवलेलं दूध चालतं, पण त्याची साय नळीत दोऱ्यासारखी अडकते. म्हणून बारीक गाळणीने दोनदा गाळा आणि फ्रिजमध्ये गार करून मगच वापरा. पाश्चराइज्ड पिशवीचं टोन्ड दूध, ज्यात ३ टक्के स्निग्धांश असतो, सरळ फ्रिजमधून घेतलं तर फेस जास्त आणि टिकाऊ येतो. ६ टक्क्यांचं फुल क्रीम दूध चवीला दाट लागतं, पण फेस थोडा कमी धरतं. निवड तुमची.

घरातल्या आजी-आजोबांची तक्रार ठरलेली असते : कॉफी गरम नाही. त्यांचं बरोबर आहे. आपल्याला उकळता चहा प्यायची सवय, आणि या मशीनमध्ये दूध ६०-६५ अंशांवर थांबतं. त्यापुढे तापवलं तर फेस बसतो. मेनूत तापमान सर्वांत वरचं करा, कॉफीआधी एकदा नुसतं गरम पाणी काढून कप विसळा, जाड मग टाळा. छप्पन दुकान बाजारातल्या कॅफेंत कप मशीनच्या डोक्यावर तापत ठेवलेले दिसतात ते यासाठीच. एवढं करूनही पूर्वीपेक्षा गार येत असेल तर क्षाराचा संशय घ्या.

फोन करण्याआधी हे बघा

पंपाचा घरघर आवाज येतो पण पाणी येत नाही : टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर नळीत हवा शिरते. टाकी भरून नीट खाली दाबून बसवा आणि गरम पाण्याचा नळ उघडा. सलग धार लागेपर्यंत थांबा. बहुतेक वेळा एवढ्यानेच मशीन सुरू होतं.

चोथ्याचा डबा रिकामा केला तरी ‘डबा भरला’ असं दाखवतं : मशीन डब्यात डोकावत नाही, चोथ्याच्या वड्या मोजतं. डबा मशीन चालू असतानाच काढा, आठ-दहा सेकंद बाहेर ठेवा, मग आत घाला. बंद मशीनमधून काढला तर मोजणी तशीच पुढे चालू राहते.

खालच्या ट्रेमध्ये पाणी साचतं : मशीन सुरू होताना आणि बंद होताना स्वतःला धुतं, ते पाणी तिथे जातं. गळती नव्हे. रोज ओतून टाका. ओट्यावर पाणी आलं तर मात्र आम्हाला कळवा.

ब्रू युनिट निघत नाही : ज्या मशीनचं ब्रू युनिट काढता येतं, त्यात ते मशीन बंद होऊन जागेवर आल्यावरच सुटतं. जोर लावू नका. पुन्हा सुरू करून, पूर्ण बंद होऊ देऊन पाहा. आठवड्यातून एकदा ते नुसत्या कोमट पाण्याखाली धुवा. साबण नको, भांडी धुण्याच्या मशीनमध्येही नको, त्याचं ग्रीस निघून जातं. सावलीत वाळवून परत बसवा. रबरी कडी कोरडी पडून चरचर आवाज येत असेल तर खाद्यपदार्थांना चालणारं सिलिकॉन ग्रीस बोटाने पुसट लावा. स्वयंपाकाचं तेल लावू नका, ते खवट होतं. ज्यांचं ब्रू युनिट आतच पक्कं असतं त्यांनी मशीन मागेल तेव्हा तेल काढणारी गोळी घालावी. ही गोळी वेगळी आणि डिस्केलिंग वेगळं, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

वीज

ही मशीन साधारण १,५०० वॉटची असतात, म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. त्यामुळे १६ अँपिअरचाच प्लग हवा, अर्थिंगसह. मिक्सरबरोबर एक्स्टेंशन बोर्डवर नको, इन्व्हर्टरवरही नको. अमेरिकेहून कुणी मशीन आणणार असेल तर आधी आम्हाला विचारा. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि पंपाची गती हर्ट्झवर चालते.

गावाला जाताना

दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभरापेक्षा जास्त बाहेर असाल तर टाकी, ट्रे आणि चोथ्याचा डबा रिकामे करून कोरडे पुसा. ओल्या चोथ्यावर चार दिवसांत बुरशी येते. दाणे काढून ठेवा. निघणारं ब्रू युनिट बाहेर काढून कपड्यावर ठेवा, त्याचं दार उघडं असू द्या. परत आल्यावर एक टाकी पाणी आतून फिरवा.

दुकानात आणताना

मशीन आणायची वेळ आली तर टाकी आणि ट्रे रिकामे करा, पण घरी ठेवू नका. त्यांच्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. स्कूटरवर आडवं घालून आणू नका, आत राहिलेलं पाणी सर्किटवर जातं. मूळ खोकं जपलं असेल तर त्यातच आणा. सोबत रोजचे मूठभर दाणे आणि रोज भरता त्या पाण्याची एक बाटली असू द्या. स्क्रीनवर काही अक्षरं दिसत असतील तर त्यांचा फोटो काढून ठेवा, कारण प्लग काढल्यावर ती बऱ्याचदा पुसली जातात.