लाल बाटली उघडण्याआधी एवढं वाचा

रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी शोधायच्या ह्या किटमधली छोटी बाटली बघून हमखास विचारतात, हे कोकम सरबत का? नाही हो, सोनं आहे. सोन्याचे कण साधारण 60 नॅनोमीटर इतके बारीक केले की पिवळे नाही, लाल दिसतात. प्रत्येक कणावर आधी रामन डायचा (लेझर पडला की स्वतःचा ओळखीचा सिग्नल देणाऱ्या रंगाचा) थर, वर पॉलिमरचं कव्हर, आणि कव्हरवर अँटिबॉडी, जी कॅन्सरच्या पेशीवरच्या एपकॅम प्रोटीनला जाऊन चिकटते. असा तयार कण म्हणजे आमचा टॅग.

एवढा खटाटोप का, तर 1 मिली रक्तात लाल पेशीच 400-500 कोटी, पांढऱ्या 40 लाखांच्या वर, आणि ट्यूमरमधून सुटलेल्या पेशी असल्याच तर बहुतेक वेळा दहाच्या आत. आषाढीला पंढरपुरात आपला माणूस शोधायचा तसं हे, म्हणून त्याच्या हातातच टॉर्च द्यायचा.

सॅम्पलमधल्या लाल पेशी आधी लाइज करून, म्हणजे फोडून, घ्या. मग टॅग लावलेल्या पेशी बारीक नळीतून रेशनच्या लाइनीसारख्या एकामागोमाग एक जातात आणि त्यांच्यावर लेझर पडतो. परत येणाऱ्या प्रकाशातला अगदी किंचित भाग रंग बदलून येतो, हाच सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये दाखवलेला परिणाम. सिग्नल तसा मरतुकडा, पण सोन्याला चिकटलेल्या डायचा लाखो पटींनी वाढतो. सिग्नलचे पीक, म्हणजे आलेखावरचे उंचवटे, अरुंद असतात त्यामुळे एकाच लेझरवर दोन-तीन टॅग वेगळे ओळखता येतात, फ्लुरोसंट डायचे रंग मात्र एकमेकांत सांडतात. फ्लोचा स्पीड नेहमीपेक्षा कमी ठेवा, घाई केली तर सिग्नल गोळा व्हायच्या आत पेशी निघून जाते.

टॅग लावल्यावर पेशींचं धुणं नीट करा, सुटे कण राहिले की बॅकग्राउंड, म्हणजे नको तो सिग्नल, चढतो आणि मग शिव्या आम्हाला! पांढऱ्या पेशीही कधीकधी टॅग पकडतात, म्हणून पांढऱ्या पेशींवरच्या सीडी45 प्रोटीनचा दुसरा टॅग सोबत दिलाय, दोन्ही चमकले तर ती पेशी मोजू नका. कंट्रोल म्हणून निरोगी रक्तात मोजून एमसीएफ-7 पेशी (लॅबमध्ये वाढवलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या) टाका, किती परत सापडतात ते बघा.

एक खरं सांगतो, काही कॅन्सर पेशी एपकॅम सोडूनच देतात, त्या ह्या टॅगला दिसणार नाहीत. किट फक्त रिसर्चसाठी आहे, पेशंटचा रिपोर्ट ह्यावर काढू नका, कोणी कितीही गळ घातली तरी.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा, डीप फ्रीजरमध्ये अजिबात नाही. आमच्याच पोराने एकदा अख्खा बॉक्स तिथे ठेवला, सकाळी सगळं निळसर-करडं आणि तळाला काळा गाळ, कण एकमेकांना चिकटले होते. तुमच्या बाटलीचा रंग तसा दिसला तर वापरू नका, खिडकीच्या उजेडात फोटो काढून बॅच नंबरसकट पाठवा, बदलून देतो.