जपानच्या डोंगरपठारांवर स्वतः गाडी चालवताना : आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

स्वतः गाडी चालवत जपान बघायचा तुमचा विचार आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. हे पत्रक गाडी चालवणाऱ्यानं तर वाचावंच, पण शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्यानंही वाचावं. तिकडे ते काम चालवण्याइतकंच महत्त्वाचं असतं.

सगळ्यात आग्रहाची गोष्ट आधी सांगतो. एका दिवसात १२० किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास आखू नका. पुण्याहून कोल्हापूरला सकाळी निघून जेवायला पोचणाऱ्यांना हा आकडा फारच लहान वाटतो, आणि तो वाढवून द्या असा आग्रह जवळजवळ सगळेच धरतात. पण जपानच्या डोंगराळ रस्त्यांवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४० ते ५० ची असते आणि लोक ती पाळतात. शिवाय आपण गाडी घेतो ती हवं तिथे थांबता यावं म्हणून. बसनं गेलात तर कड्यावर वीस मिनिटं मिळतात. गाडी आपली असेल तर ढग बाजूला होईपर्यंत निवांत बसून राहता येतं. दिवसाला अडीचशे किलोमीटर आखले की ही मोकळीक संपलीच.

कुठे जायचं

आम्ही दोनच भागांच्या सहली आखतो, कारण तिथले रस्ते आम्ही स्वतः पुन्हा पुन्हा चालवले आहेत.

पहिला भाग क्यूशू बेटावरचा आसो. इथे तुम्ही ज्वालामुखी नुसता लांबून बघत नाही, त्याच्या आत उतरता. सुमारे २ लाख ७० हजार ते ९० हजार वर्षांपूर्वीच्या काळात इथे चार प्रचंड उद्रेक झाले, जमीन खचली आणि कढईसारखा खोलगट प्रदेश तयार झाला. ही कढई उत्तर-दक्षिण २५ आणि पूर्व-पश्चिम १८ किलोमीटर आहे. तिच्या तळाशी भातशेती आहे, गावं आहेत, रेल्वेही धावते. मधोमध पाच शिखरं उभी आहेत आणि त्यांतल्या नाकादाकेतून आजही धूर निघतो. उत्तरेच्या काठावर ९३६ मीटर उंचीवर दाइकान्बो नावाची जागा आहे, तिथे सकाळी लवकर जा. शरद ऋतूत कढई धुक्यानं काठोकाठ भरलेली असते आणि पाच शिखरं तेवढी वर दिसतात. निजलेल्या बुद्धासारखी ती दिसतात असं तिथले लोक म्हणतात, आणि एकदा चेहरा कुठला ते कळलं की आपल्यालाही दुसरं काही दिसत नाही.

वर कुसासेनरीच्या कुरणाकडे जाताना रस्त्याच्या कडेला कोमेझुका नावाची छोटी हिरवी टेकडी लागते. ती थेट भाताच्या मुदीसारखी आहे, अगदी वर तुपासाठी केल्यासारखा खळगासुद्धा. तिथली दंतकथाही भाताचीच आहे : देवानं तांदळाची रास घातली आणि वरचे ओंजळभर गरिबांना वाटले, तो हा खळगा. टेकडीवर चढायला बंदी आहे, रस्त्यावरूनच बघा.

आसोची हिरवाई आपोआप टिकलेली नाही. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गावकरी ही कुरणं ठरवून जाळतात. त्याला ते ‘नोयाकी’ म्हणतात. जाळलं नाही तर झुडपं माजतात आणि गुरांचं गवत जातं. आपल्याकडे राब भाजलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या काळ्या उतारांचं नवल वाटणार नाही. मे महिन्यात त्याच उतारांवर कोवळं गवत आणि तांबूस ‘आकाउशी’ गाई असतात. दिवाळीच्या सुमारास तिथेच चंदेरी तुऱ्यांचं गवत वाऱ्यावर हलतं. म्हणून शाळेच्या दोन्ही सुट्ट्यांसाठी आम्ही आधी आसोच सुचवतो. फक्त २९ एप्रिल ते ५ मे हे दिवस टाळा, तेव्हा सगळं जपान घराबाहेर पडलेलं असतं.

आसोपासून ईशान्येला निघालात की १९६४ साली सुरू झालेला यामानामी रस्ता लागतो. माकिनोतो खिंडीत तो १,३३० मीटरपर्यंत चढतो. वाटेत कुरोकावा या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी मुक्काम ठेवतो. या स्नानगृहांत कपडे घालून उतरत नाहीत. बायका आणि पुरुष वेगवेगळे असतात. संकोच वाटत असेल तर आधीच सांगा, कुटुंबापुरतं स्वतंत्र कुंड राखून ठेवता येतं.

नाकादाकेच्या तोंडापर्यंत जाता येईल की नाही, हे त्या दिवशीच्या विषारी वायूवर ठरतं. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना तिथे जाऊ देत नाहीत. घरात असं कोणी असेल तर हट्ट करू नका. आणखी एक : एप्रिल २०१६ च्या भूकंपात आसोचा मोठा पूल कोसळला, नवा पूल मार्च २०२१ मध्ये खुला झाला. त्यामुळे जुना छापील नकाशा नेऊ नका.

दुसरा भाग होन्शूमधला शिनशू, म्हणजे आजचा नागानो प्रांत. तो जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी. तोक्योत गाडी घेऊ नका. शिंजुकूहून रेल्वेनं मात्सुमोतोला जा आणि गाडी तिथे घ्या. व्हीनस लाइन हा रस्ता चिनोपासून किरिगामिनेच्या कुरणांवरून उत्सुकुशिगाहारा पठारापर्यंत जातो. जुलैच्या मध्यावर किरिगामिनेला पिवळ्या-केशरी लिलीची फुलं येतात. उत्सुकुशिगाहारावर २,००० मीटर उंचीवर गाडी ठेवून पायी चालायचं. तिथे एक दगडी मनोरा आहे, त्यात घंटा टांगली आहे, दाट धुक्यात वाट चुकलेल्यांना आवाजानं दिशा कळावी म्हणून. आम्ही गेलो त्या दिवशी मनोरा दहा पावलांवर आल्यावरच दिसला. कामिकोची मात्र खासगी गाड्यांना कायम बंद आहे. सावांदोला गाडी ठेवून बस घ्यावी लागते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत उंचावरचे बरेच रस्ते बर्फामुळे बंद असतात, म्हणून थंडीत आम्ही शिनशूत गाडीची सहल देत नाही.

गाडी चालवताना

तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे हात लगेच बसतो. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची ही रीत तिथेही आहे. मात्र तीन सवयी विमानतळावरच सोडून द्या. लाल सिग्नलला डावीकडे वळायचं नाही. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी पूर्ण थांबवून मगच पुढे न्यायची. आणि टोक खाली असलेली लाल त्रिकोणी पाटी, ‘तोमारे’, दिसली की रस्ता रिकामा असला तरी चाकं थांबलीच पाहिजेत. हळू करणं चालत नाही.

हॉर्नबद्दल वेगळं सांगतो. आपल्या घाटात वळणावर हॉर्न देणं ही सभ्यता आहे. तिथे पाटी असेल त्या वळणावर किंवा अपघात टाळण्यासाठीच तो द्यायचा. आंधळ्या वळणांवर नारिंगी खांबांवर बहिर्गोल आरसे असतात, त्यांत बघायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. लांब उतारावर गिअर ‘बी’, ‘एल’ किंवा ‘एस’ मध्ये टाका, म्हणजे ब्रेक तापत नाहीत.

दारूचा एक थेंबही नको. चालवणाऱ्याबरोबर शेजारी बसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते. सहा वर्षांखालच्या मुलांना वेगळी आसनं सक्तीची आहेत. मुलांची वयं नोंदणीच्या वेळीच कळवा.

नकाशानं ‘जवळचा रस्ता’ सुचवला तरी मोठा रस्ता सोडू नका. पहिल्याच सहलीत आम्ही तो मोह केला आणि संध्याकाळी एका जंगलवाटेवर अडकलो : शेवाळ, ओली पानं, एका बाजूला दरी आणि गाडी वळवायला जागा नाही. अंधारात बराच वेळ उलटी गाडी घेत बाहेर आलो. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला आम्ही रस्त्याचे क्रमांक लिहून देतो. ते क्रमांक धरूनच चला.

पेट्रोल भरताना नळीचा रंग बघा : लाल म्हणजे साधं पेट्रोल, पिवळा म्हणजे महागडं, हिरवा म्हणजे डिझेल. पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या गाड्यांच्या जपानी नावातलं पहिलं अक्षर डिझेलच्या नावातही आहे, त्यामुळे भले भले फसतात. तुमच्या गाडीला लाल नळी. गावातले पंप संध्याकाळी लवकर आणि रविवारी बंद असू शकतात, टाकी निम्मी झाली की भरून घ्या.

खाणं

शाकाहारी ग्राहकांनो, इथे फार जपावं लागतं. भाजी दिसली तरी रस्सा बहुतेक वेळा सुक्या माशाचा असतो. मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही आधी कळवतोच. दुपारसाठी ‘मिचि-नो-एकी’ शोधा. १९९३ पासून सरकारनं उभारलेली ही रस्त्याकाठची थांब्याची ठिकाणं आता देशभर हजाराच्या वर आहेत. स्वच्छ शौचालय, मोफत पार्किंग आणि शेतकऱ्यानं सकाळी आणलेली फळं. गरम भात कुठेही मिळतो, त्यासाठी मेतकूट न्याच. ताजी फळं, भाजी किंवा कढीपत्ता मात्र बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतील.

शेताच्या कडेला फळीवर काकड्या, टोमॅटो आणि पैशांचा डबा दिसेल, माणूस कुणी नसेल. किंमत बघून नाणी डब्यात टाका. त्यासाठी १०० येनची नाणी जवळ ठेवा.

कागदपत्रं आणि विमा

१९४९ च्या जिनिव्हा करारानुसारचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून पुस्तिकेच्या रूपात मिळतो. मोबाइलवरचा फोटो चालत नाही. सोबत मूळ भारतीय परवाना आणि पासपोर्ट हवा. गाडीला ओरखडा जरी गेला तरी आधी ११० ला फोन करून पोलिसांना बोलवा, कारण त्यांची नोंद नसेल तर विमा मिळत नाही. दुखापत असेल तर ११९. विमा असूनही गाडी दुरुस्तीला गेली की साधारण २०,००० येन, आणि ती ओढून न्यावी लागली तर ५०,००० येन भरावे लागतात. थोडे जास्त पैसे भरून हीही रक्कम माफ करून घेता येते. आम्ही प्रत्येकाला ते करायलाच सांगतो.

परवान्याची पुस्तिका हातात आली की ती घेऊन आमच्याकडे या. नकाशा टेबलावर पसरून तुमचा एकेक दिवस आपण एकत्र बसून आखू. त्याला दोन तास लागतात, शनिवारची दुपार मोकळी ठेवा.