बेट कुणाचं? आधी तिथलं पाणी बघा

मुंबई बंदराच्या दक्षिणेकडच्या वाटेवर, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी हे छोटंसं बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांची माणसं तिथे तट बांधू लागली आणि मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडाली. बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक जहाज आता मराठ्यांच्या नजरेखाली येणार होतं. बेटावर हक्क आपलाच, असं म्हणत इंग्रजांनी ‘रिव्हेंज’सारखी मोठी जहाजं आणून बेटाची कोंडी केली. तरीही शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींची माणसं बांधतच राहिली, कारण रात्री नागावच्या खाडीतून मराठ्यांच्या लहान होड्या निघत आणि सामान, दाणागोटा बेटावर उतरवून परत येत.

या होड्या उथळ पाण्यातून जात आणि वारा पडला तर वल्ह्यांवर चालत. इंग्रजांच्या जहाजांना वाराही हवा आणि खाली खोल पाणीही हवं. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या, दिवसांत तो बराच कमी असतो. म्हणजे खडकाळ बेटाभोवतीची जहाजाची वाट दिवसातून दोनदा उघडते आणि दोनदा मिटते, शिवाय तिचं वेळापत्रक रोज पुढे सरकतं. हे वेळापत्रक आगरी-कोळी खलाशांच्या अंगात भिनलेलं होतं. काही महिन्यांत इंग्रजांनी माघार घेतली. तोफा दोन्हीकडे होत्या. निकाल रसदीने लावला.

आजही दूरच्या बेटांवरून भांडणारे देश याच पेचात अडकलेले आहेत. दक्षिण चिनी समुद्रात सेकंड थॉमस शोल नावाचं पोवळ्यांचं खडकाळ कडं आहे. १९९९ मध्ये फिलिपिन्सने तिथे दुसऱ्या महायुद्धातलं ‘सिएरा माद्रे’ हे जहाज मुद्दाम रुतवलं. गंजून चाळण झालेल्या त्या जहाजावर मूठभर नौसैनिक राहतात आणि त्यांना शिधा पोचवायला निघालेल्या बोटींवर चिनी तटरक्षक जहाजांनी पाण्याचे फवारे मारले आहेत. त्या सैनिकांजवळ कुणाला हरवण्याइतकी शस्त्रं नाहीत. त्यांचं तिथे असणं हाच त्यांच्या देशाचा दावा आहे, आणि पुढची बोट पोचेल तोवरच तो टिकतो.

एवढा जीव कशासाठी टाकायचा? उत्तर १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात आहे. भरतीच्या वेळी पाण्यावर डोकं काढून राहणाऱ्या नैसर्गिक जमिनीला हा करार बेट म्हणतो. आपल्या हाजी अलीचंच बघा. भरतीला दर्ग्याकडे जाणारी वाट बुडते, पण दर्गा ज्या खडकावर आहे तो कोरडा राहतो. हा खडक भर समुद्रात असता, तर त्याच्याभोवतीचं १२ सागरी मैलांपर्यंतचं, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी मालक देशाचं झालं असतं. वाटेखालच्या दगडांना मात्र स्वतःचं असं काहीच मिळालं नसतं.

पण खरं घबाड त्यापुढे आहे. ज्या बेटावर माणूस वस्ती करून राहू शकतो किंवा ज्याचं स्वतःचं आर्थिक जीवन असू शकतं, त्याला २०० सागरी मैलांचं, म्हणजे ३७० किलोमीटर त्रिज्येचं, आर्थिक क्षेत्र मिळतं. आसपास दुसरा देश नसेल तर हे वर्तुळ सव्वाचार लाख चौरस किलोमीटरहून मोठं भरतं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाखांच्या थोडं वर आहे, यावरून अंदाज यावा. मासे, तेल, वायू, सगळं त्यात आलं. नुसता ‘खडक’ ठरला तर हे क्षेत्र गेलं. म्हणून वस्ती शक्य आहे का, हा प्रश्न अब्जावधींचा होतो, आणि वस्तीचा पहिला प्रश्न गोड्या पाण्याचा.

पोवळ्याच्या बेटावर नदी नाही, तलाव नाही, चहूकडे खारं पाणी. तरी विहिरीला गोडं पाणी लागतं! पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली पोचल्यावर समुद्राच्या पाण्यावर तरंगतं. एक लिटर गोड्या पाण्याचं वजन १००० ग्रॅम, समुद्राच्या पाण्याचं साधारण १०२५ ग्रॅम. म्हणजे ४१ मीटर उंचीचा गोड्या पाण्याचा स्तंभ ४० मीटरच्या खाऱ्या स्तंभाशी समतोल साधतो. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल, तर सिद्धांताने खाली ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असायला हवं. प्रत्यक्षात मधे मचूळ पाण्याचा पट्टा असतो, त्यामुळे हाती कमी लागतं. हा नियम मांडणाऱ्या दोघांपैकी बादोन खायबेन हे डच लष्करातले अभियंता होते, याचं मला नवल वाटत नाही. पाण्याची चिंता सैन्याला सगळ्यांच्या आधी लागते. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनीही आधी पाणी पाहून मग गड बांधावा, अशी ताकीद देऊन ठेवली आहे.

हेच गणित उलटं फिरलं की घात करतं. छावणीसाठी जास्त उपसा झाला आणि भूजल दहा सेंटीमीटर उतरलं, तर खालून खारं पाणी कालांतराने चार मीटर वर चढू शकतं. विहीर खारट झाली की पुढच्या पावसाळ्यांची वाट पाहायची. त्यात धावपट्टीचं काँक्रीट पसरलं, तर पाऊस मुरायलाही जागा उरत नाही. २०१३ च्या अखेरीपासून चीनने समुद्रतळाची वाळू उपसून दक्षिण चिनी समुद्रातल्या पोवळ्यांच्या कड्यांवर जी बेटं उभी केली, त्यांपैकी तीन बेटांवर अडीच-तीन किलोमीटरच्या धावपट्ट्या आहेत. पण ती वाळूच खाऱ्या पाण्यात भिजलेली. तिच्यात गोडं पाणी साठायला वर्षानुवर्षांचा पाऊस हवा. आणि कृत्रिम बेटाला कायदा स्वतःचं क्षेत्र देतही नाही.

तैवानच्या ताब्यातलं इतू अबा हे त्याच समुद्रातल्या स्प्रॅटली द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं नैसर्गिक बेट आहे, सुमारे १४०० मीटर लांब. त्यावर खरोखर गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०१६ साली तैवानचे तेव्हाचे अध्यक्ष मा यिंग-ज्यू स्वतः तिथे जाऊन आले; पत्रकारांनाही बेट दाखवण्यात आलं. त्याच वर्षी १२ जुलैला, फिलिपिन्स आणि चीन यांच्या वादात, आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला: पाणी आहे, पण इथे स्वतःच्या बळावर टिकलेली वस्ती कधी नव्हती, बाहेरच्या रसदीवर जगणारी सैनिकांची ठाणी वस्तीत धरता येणार नाहीत. इतू अबासुद्धा ‘खडक’च ठरलं. चीन आणि तैवान दोघांनीही निकाल धुडकावला. मला लवादाचं म्हणणं पटतं. नाहीतर पैसा असलेला कुठलाही देश जहाजाने पाणी वाहून खडकाचं बेट करून दाखवेल.

आपल्या लक्षद्वीपवर कुणाचा दावा नाही आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, तिच्यामुळे भारताला मिळणारं आर्थिक क्षेत्र सुमारे चार लाख. २०२४ मध्ये मिनिकॉयवर नौदलाचा ‘आयएनएस जटायू’ हा तळ सुरू झाला. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कवरत्तीवरचा २००५ चा प्रकल्प. पृष्ठभागावरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववायची. दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी मिळतं आणि विहिरींवरचा ताण हलका होतो.

हा ताण पुढे वाढणारच आहे. पॅसिफिकमधल्या क्वाजालीन कंकणद्वीपावरच्या रॉय-नामूर बेटाचा अभ्यास अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून झाला, कारण तिथे त्यांचं क्षेपणास्त्र-चाचणी केंद्र आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की बेट बुडण्याच्या कितीतरी आधी, लाटा वारंवार जमिनीवरून वाहून भूजल नासेल आणि तिथे राहणं अवघड होईल. मग कायद्याचं काय? पाणी खारं झालं आणि माणसं उठून गेली, तर बेटाचा ‘खडक’ होऊन ३७० किलोमीटरचा हक्क जाणार का? पॅसिफिकमधल्या बेटराष्ट्रांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे जाहीर केलं, की समुद्र कितीही चढला तरी आमच्या एकदा ठरलेल्या सागरी सीमा हलणार नाहीत.