केमिस्टकडून आणलेल्या ट्यूबचं नाव

पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढून बसलेल्यांमध्ये गजकर्णाचे पेशंट हमखास असतात. डॉक्टर चट्टा बघतात आणि विचारतात, "आधी काय लावलंत?" उत्तर येतं, "केमिस्टनं एक ट्यूब दिली होती, नाव नाही आठवत."

ते नाव फार मोलाचं असतं. अशा बऱ्याच मलमांत बुरशीविरोधी औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखं जहाल स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज थांबते, लालसरपणा उतरतो, पण त्या जागची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. गजकर्णाची उठावदार गोल कड पुसट झाली की अनुभवी डॉक्टरही बुचकळ्यात पडतात. मग कडेचा कोंडा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधावे लागतात. त्यात आता ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी बोकाळली आहे. तिला हे नाव २०२० साली मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. म्हणून आधी कोणती गोळी, किती दिवस घेतली, हेही कागदावर हवं.

तारखांचंही तेच. औषधामुळे अंगभर उठणारं साधं पुरळ सहसा ते औषध सुरू केल्यावर ४ ते १४ दिवसांनी येतं. पेशंट मात्र आदल्या दिवशी खाल्लेल्या कोळंबीला दोष देतो!

सोरायसिससारख्या लांबणाऱ्या आजारात आकडेही नोंदवतात. १९७८ पासून वापरात असलेला 'पासी' हा गुणांक चट्ट्यांची लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती यांवरून ० ते ७२ मध्ये मोजतात. १९९४ची 'डीएलक्यूआय' ही दहा प्रश्नांची प्रश्नावली मला अधिक महत्त्वाची वाटते. गेल्या आठवड्यात खाज किती होती, लाज वाटली का, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, असं ती विचारते. मे महिन्यात भर गर्दीच्या लोकलमध्ये पूर्ण बाह्या घालून उभ्या राहणाऱ्या बाईचा त्रास केवळ चट्टे मोजून कळणार नाही.

चट्ट्यांचे फोटो काढताना उजेड आणि अंतर दर वेळी सारखंच ठेवा, शेजारी मोजपट्टी धरा. एक फोटो लांबून, एक जवळून. ब्युटी मोड बंद करा. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली जांभळट किंवा काळपट दिसते, आणि फिल्टर नेमकी तीच छटा पुसतो.

हे फोटो कुठे साठवले जातात, हे विचारायला संकोचू नका. चेहरा झाकला तरी गोंदणावरून किंवा मंगळसूत्रावरून माणूस ओळखू येतो. उपचारासाठी दिलेली परवानगी जाहिरातीसाठी चालत नाही. संमती कशासाठी दिली याला २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही महत्त्व आहे. आणि डॉक्टर बदलताना जुने कागद मागून घ्या. डॉक्टरांच्या २००२च्या आचारनियमांनुसार दाखल पेशंटच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.