कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट

कॅरिबियन आर्टिस्ट्स मूव्हमेंट (कॅम) : लंडनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन (वेस्ट इंडियन) लेखक, चित्रकार, शिल्पकार आणि समीक्षकांचा गट. १९६६ च्या अखेरीस तो जमला आणि १९७२ च्या सुमारास पांगला. बार्बाडोसचे कवी व इतिहासकार एडवर्ड (पुढे कमाऊ) ब्रॅथवेट, त्रिनिदादचे कवी व कामगार चळवळीतले कार्यकर्ते जॉन ला रोझ आणि जमैकाचे कादंबरीकार अँड्र्यू सॉल्की हे त्याचे संस्थापक. नावात ‘चळवळ’ असली, तरी कॅमचा जीव होता तो घरगुती बैठकीत. युरोपात अशा बैठकीला सलाँ म्हणतात. मराठीत त्याचे ‘सलून’ होऊन तो शब्द न्हाव्याच्या दुकानाला कायमचा चिकटला आहे, त्यामुळे ‘बैठक’च बरी.

१९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज टिलबरी बंदराला लागले आणि वेस्ट इंडीजमधून ब्रिटनमध्ये येणाऱ्यांचा ओघ वाढला. लेखकही आले. बार्बाडोसचे जॉर्ज लॅमिंग आणि भारतीय वंशाचे त्रिनिदादी सॅम सेल्व्हन हे तर १९५० मध्ये एकाच बोटीने पोहोचले. बीबीसीच्या ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ या कार्यक्रमामुळे (१९४३–५८) त्यांचे लेखन परत बेटांवर ऐकू जाई. तो कार्यक्रम बंद पडला आणि भेटीगाठींचे एक निमित्त संपले. ससेक्स विद्यापीठात संशोधनासाठी १९६५ मध्ये आलेल्या ब्रॅथवेट यांना हे विखुरलेपण खुपले. डिसेंबर १९६६ मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी भागातील मेक्लेनबर्ग स्क्वेअरच्या त्यांच्या घरी पहिली बैठक झाली. पुढच्या काही बैठकाही घरोघरीच भरल्या. माणसे वाढली, तशी १९६७ मध्ये अर्ल्स कोर्टच्या वेस्ट इंडियन स्टुडंट्स सेंटरमध्ये जाहीर सभा होऊ लागल्या. कवितावाचन, व्याख्यान आणि मग वाद, असा त्यांचा साधारण क्रम. वेस्ट इंडियन सौंदर्यदृष्टी म्हणून काही वेगळे आहे का, बोलीत गंभीर कविता लिहिता येते का, हे प्रश्न पुन्हापुन्हा निघत. यातल्या कित्येक चर्चा टेपवर ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत.

कॅमचे खरे वेगळेपण म्हणजे कादंबरीकाराच्या शेजारी तिथे चित्रकार बसत असे. लेखकांना लंडनमध्ये निदान प्रकाशक तरी मिळाले होते. दृश्यकलावंत जवळपास एकटे होते. गयानाचे ऑब्री विल्यम्स मूळचे शेतीखात्यातले अधिकारी. नोकरीत असताना वराव या आदिवासींमध्ये राहिले आणि तिथली चिन्हे त्यांच्या चित्रांत उतरली. सप्टेंबर १९६७ मध्ये कँटरबरीच्या केंट विद्यापीठात कॅमची पहिली परिषद झाली. कलेने लोकांना समजेल असेच काही दाखवले पाहिजे, या अपेक्षेविरुद्ध विल्यम्स यांनी तिथे अमूर्त चित्राची बाजू मांडली.

त्रिनिदादच्या ॲल्थिया मॅक्निश कापडावरची नक्षी रेखाटत. १९५७ मध्ये त्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून बाहेर पडल्या आणि लगेच लिबर्टी या प्रसिद्ध दुकानाने त्यांची रेखाटने विकत घेतली. त्यांची सर्वांत गाजलेली नक्षी ‘गोल्डन हार्वेस्ट’. एसेक्समधले गव्हाचे पिवळे शेत पाहून त्यांना लहानपणीचा ऊस आठवला, आणि मग इंग्लंडच्या घराघरांतल्या पडद्यांवर जे पीक डुलले त्यात गव्हाइतकाच ऊसही होता. कॅरिबियन आणि इंग्रजी यांची सरमिसळ म्हणजे काय, हे त्या पडद्यावर कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळते.

जमैकाचे रोनाल्ड मूडी गटात वयाने सर्वांत ज्येष्ठांपैकी. लंडनला दंतवैद्यकी शिकायला आले, ब्रिटिश म्युझियममधली इजिप्शियन शिल्पे पाहून शिल्पकलेकडे वळले. जमैकातील मोना येथल्या विद्यापीठासाठी त्यांनी कॅरिब या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पुराणकथेतल्या ‘सावाकू’ या पक्ष्याचे धातुशिल्प केले होते. कॅमचे नियतकालिक १९७० मध्ये निघाले तेव्हा त्याला नाव दिले ते याच पक्ष्याचे.

तोवर बैठकीचा सूर बदलला होता. १९६८ मध्ये ब्रॅथवेट जमैकाला परतले. त्याच वर्षी ब्रिटिश खासदार इनॉक पॉवेल यांच्या स्थलांतरितांविरोधी भाषणाने ब्रिटनमधला वंशद्वेष उघड्यावर आला. ‘ब्लॅक पॉवर’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीचा जोर वाढला. कलावंताने आधी कोणाशी बोलायचे, रसिकांशी की रस्त्यावरच्या माणसांशी, यावर मतभेद झाले. १९७१ मध्ये कॉमनवेल्थ इन्स्टिट्यूटमध्ये कॅरिबियन कलावंतांचे मोठे प्रदर्शन भरले, पण नियमित सभा विरळ होत गेल्या.

ला रोझ आणि सारा व्हाइट यांनी १९६६ मध्येच सुरू केलेली न्यू बीकन बुक्स ही प्रकाशनसंस्था मात्र टिकली. आधी घरातूनच चालणारा हा व्याप १९७३ मध्ये उत्तर लंडनच्या फिन्सबरी पार्क भागातल्या दुकानात गेला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर १९९१ मध्ये स्थापन झालेली जॉर्ज पॅडमोर इन्स्टिट्यूट आहे. कॅमची पत्रे, वार्तापत्रे आणि त्या संध्याकाळच्या टेप आता तिच्या संग्रहात आहेत.