पोलिसांनी नेलेली गाडी सुपूर्तनाम्यावर सोडवताना अर्ज कुठे अडतो

नाकाबंदीत गाडी अडवून ठाण्यात नेली, की घरचे लोक आधी आरटीओत धावतात, नाहीतर ठाण्याच्या पायरीवर बसून राहतात. पहिल्यांदा एवढंच विचारा: गाडी कोणत्या कलमाखाली घेतली? अर्ज कुठे द्यायचा, ते त्यावर ठरतं. सुपूर्तनामा म्हणजे खटला संपेपर्यंत गाडी सांभाळू आणि बोलावतील तेव्हा हजर करू, अशा लेखी हमीवर मिळणारा ताबा.

लायसन्स, नोंदणी किंवा परमिट नाही म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम २०७ खाली अडकवली असेल, तर कोर्टात जायची गरज नाही. कागद दाखवून ती वाहतूक शाखेतून किंवा आरटीओतून सुटते. डिजिलॉकरमधली आरसी आणि लायसन्स केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे चालतात.

गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून जप्त झाली असेल तर अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली. जुन्या सीआरपीसीतली (फौजदारी प्रक्रिया संहितेतली) ४५१ आणि ४५७ ती हीच. १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले. गुन्हा बार्शीचा असेल तर बार्शीच्या कोर्टात, पंढरपूरचा असेल तर पंढरपुरात.

भीमा-सीना नद्यांतली बेकायदा वाळू नेताना पकडलेल्या गाडीचं प्रकरण वेगळं. तिथे महसूल खातंही जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली दंड लावतं. दोन्हीकडे कारवाई झाली असेल तर नुसता कोर्टाचा आदेश घेऊन गेलात तरी गाडी हलत नाही. तहसीलमधला दंड आणि बंधपत्र वेगळं निस्तरावं लागतं.

अर्जाला आरसी, विमा, आधार, एफआयआर आणि जप्ती पंचनाम्याची प्रत जोडतात. हे बहुतेकांकडे असतं. अडतं ते आरसीवरच्या नावापाशी. सोलापुरात विजयपूर-कलबुर्गीकडून घेतलेल्या केए पासिंगच्या जुन्या गाड्या खूप. पैसे दिले, मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सह्या घेतल्या आणि कागद कपाटात ठेवले, असं असेल तर कोर्टाच्या नजरेत मालक अजून जुनाच. ताबा तुमचा असला तरी अर्ज कच्चा पडतो. मूळ मालकाला अर्जदार करा, किंवा त्याचं नोटरी केलेलं मुखत्यारपत्र आणि ना-हरकत आणा. मालक वारला असेल तर वारसांनी फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यावं. कायद्यात त्यासाठी तीन महिने आहेत, आणि ते उलटेपर्यंत कुणाला आठवण होत नाही. गाडीवर कर्ज असेल तर अर्जात लपवू नका, आरसीवर बोजा दिसतोच.

अपघातातल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा अपघाताच्या दिवशी चालू असावा लागतो. दुसऱ्या दिवशी घाईने काढलेली पॉलिसी इथे काहीच कामाची नाही. विमा नसेल तर कोर्टाचं समाधान होईल एवढं तारण द्यावं लागतं. ते न दिल्यास तीन महिन्यांनंतर गाडीचा लिलाव होऊ शकतो. हे ऐकून माणसं हादरतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

पंचनाम्यातला इंजिन आणि चासी नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. ‘८’ चा ‘३’ झाला असेल तर पोलिसांच्या म्हणण्यात (अर्जावर ते कोर्टात देतात त्या लेखी उत्तरात) गाडी दुसरीच ठरते आणि तारीख पुढे जाते. चूक सापडली तर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

मुदतीचा घोळ तर नेहमीचा. कलम ५०३ मधले सहा महिने मालक सापडत नाही तेव्हा काढलेल्या जाहीर उद्घोषणेसाठी आहेत, तुम्हाला दिलेली सवलत नव्हे. कलम ४९७ मधले चौदा आणि तीस दिवस कोर्टाच्या कामाचे. अर्ज लगेच द्या. ठाण्याच्या आवारात उन्हापावसात गाडी सडू देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ सालीच सांगितलं आहे. तरी ‘साहेब रजेवर आहेत’ म्हणून पोलिसांचं म्हणणं आठवडेच्या आठवडे येत नाही, हे संतापजनक आहे. वकिलामार्फत दर तारखेला त्याची आठवण नोंदवून घ्या.

आदेशात गाडीच्या किमतीएवढं बंधपत्र आणि बहुधा जामीनदार मागतात. त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती आदेशाआधीच तयार ठेवा. खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही आणि बोलावतील तेव्हा हजर करायची, अशा अटी असतात. ताबा घेताना बॅटरी, स्टेपनी, टायर पंचनाम्याशी जुळवून बघा. काही कमी असेल तर ताबा पावतीवर सही करण्याआधी तिथेच लिहून घ्या.